वाजवून बघितलेल्या बरण्या

काका कुठलीही वस्तू हातात आली की आधी वाजवून बघत. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून त्याच्या पेरानं दोनदा टकटक, आणि लगेच उजवा कान वस्तूकडे. डावा कान फाउंड्रीच्या आवाजानं घेतला होता. कलिंगड सगळेच वाजवून घेतात, पण काका डबा वाजवत, दाराची फळी वाजवत, भरलेलं सिलिंडर वाजवत. मी त्यांच्या कासारवाडीच्या घरातली वरची खोली बघायला गेले, तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी माझ्या हातातलं हेल्मेट मागून घेतलं, वाजवलं आणि परत देत म्हणाले, "आतनं क्रॅक हाय. आधी ह्ये बदला. खोलीचं मंग बोलू."

हेल्मेट महिन्यापूर्वी जिन्यावरून गडगडत खाली गेलं होतं खरं, पण बाहेर ओरखडासुद्धा नव्हता. मी चाकणच्या कंपनीत क्वालिटीला होते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळत असल्यामुळे कुणी माझी चूक काढली की मला फार लागायचं. तरी हेल्मेट बदललं. खोली मिळाली आणि त्याबरोबर नावही मिळालं. ते मला शेवटपर्यंत मॅडम म्हणत आले. त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे मला कधी कळलं नाही. काका गेले त्याला आता दोन वर्षं होतील, आणि अजून कुणी मला मॅडम म्हटलं की माझी मान वळते.

काका जन्मभर मोल्डर. वाळूचे साचे ठोकायचे, त्यात ओतलेल्या लोखंडाचं कास्टिंग हातोडीनं वाजवायचं, चिरलेलं असेल तर बाजूला टाकायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं. मूळ गाव चाकणच्या पलीकडे, वडीलही कारखान्यातच. निवृत्तीनंतर लोक टीव्हीपुढे बसतात किंवा कट्ट्यावर. काका मातीच्या बरण्या करायला लागले. त्यांच्याकडे चाक नव्हतं. मातीच्या वळ्या करून एकीवर एक चढवायच्या आणि आतून गोटा धरून बाहेरून थापीनं ठोकत आकार आणायचा. घरामागे रेल्वेच्या भिंतीला लागून चार पावलं जागा होती, तिथं त्यांनी एका लोखंडी पिंपाची भट्टी केली होती आणि तिला भंगारातला ब्लोअर लावला होता. भाजायचं असलं की आदल्या दिवशी आळीत घरोघर जाऊन सांगून येत, "उद्या धूर हाय, कापडं आत घ्या."

भट्टी निवली की एकेक बरणी बाहेर काढून वाजवायची. नाद स्वच्छ आला तर फडक्यावर. बद्द वाजली की तिथल्या तिथं भिंतीवर आपटायची. एकदा माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी एक सुरेख, तांबूस, गोल पोटाची बरणी फोडली. मी कळवळून म्हटलं, "काका, दिसायला किती चांगली होती!"

"दिसायला चांगलीच व्हती," ते तुकडे गोळा करत म्हणाले. "तुमी क्वालिटीवाली मान्सं बघता. आमी इचारतो."

पण खरी गंमत बरण्यांत नव्हती, झाकणांत होती. प्रत्येक झाकणाला मध्ये भोक, आणि त्या भोकातून घायपाताच्या दोरीनं काहीतरी बांधलेलं. एकावर नदीतला गुळगुळीत गोटा. एकावर गोगलगाईचा शंख. एकावर बांबूच्या मुळाचा गाठाळ तुकडा, एकावर ओळीनं तीन चिंचोके, एकावर टोक घासून बोथट केलेला बाभळीचा काटा. हे सगळं गोळा करायला काका रोज सकाळी कापडी पिशवी घेऊन, मान खाली घालून फिरत. स्टेशनच्या रस्त्यानं जात, पुलाखालून नदीपर्यंत जात. लोक हसत. त्यांचा मुलगा पुनावळ्याला राहायचा. तो एकदा वैतागून म्हणाला, "बाबा, तुम्ही रस्त्यावरचं उचलता ते लोक बघतात हो." काका म्हणाले, "त्यांनी पन वाकून बघावं. लई कायकाय पडलेलं असतं."

पडलेलंच घ्यायचं, हा त्यांचा कायदा होता. झाडाचं काही तोडायचं नाही. मला वाटलं, माणूस निसर्गप्रेमी आहे. मी तसं कौतुकानं बोलूनही दाखवलं. काकांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "मॅडम, झाडानं टाकलेलं पुरं वाळलेलं असतं. तोडून आनलेलं मागनं आकसतं. मंग दोरी ढिली पडती अन् झाकन डुलतं." त्यांच्या बऱ्याच तत्त्वांच्या मुळाशी असं काहीतरी साधं, कामाचं कारण असायचं, आणि आपण उगाच मोठं काहीतरी समजून बसायचो.

माझी एक मैत्रीण तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये होती. तिला मी हौसेनं बरण्या दाखवायला आणलं. ती वेडीच झाली. गोट्याची बरणी उचलून म्हणाली, "काका, ही मला हवीच. हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवीन."

"काय भरनार तिच्यात?"

"काही नाही. शोसाठी."

"मंग न्हाई," काका म्हणाले, बरणी तिच्या हातातून काढून घेतली आणि आत निघून गेले. मैत्रीण निघताना म्हणाली, आर्टिस्ट लोक असेच असतात. मीही मान हलवली. इतके दिवस त्या घरात राहूनही त्या बरण्या कशासाठी आहेत ते मला कळलेलं नव्हतं, याची आज लाज वाटते.

कळलं ते माझ्याच एका उपद्व्यापामुळे. काकांच्या बायकोला मी मावशी म्हणायचे. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. संध्याकाळी मी कामावरून आले की जिन्याशी हाक मारून चहा द्यायच्या. माझ्याकडे न बघता बोलायच्या, तो मला त्यांचा लाजरेपणा वाटायचा. एका रविवारी दोघं नातेवाइकांकडे गेली होती आणि किल्ली माझ्याकडे होती. एवढा चहा फुकट पिते तर काहीतरी करावं म्हणून मी त्यांचं स्वयंपाकघर आवरलं. सगळी झाकणं धुतली, उन्हात वाळवली आणि मला बरी दिसली तशी बसवली. तोंडं सगळ्यांची एकाच मापाची होती. मी फार खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात. हातात कप. "प्या."

मी एक घोट घेतला आणि मोरीकडे धावले. चहात चमचाभर मीठ होतं.

"तुमच्या कंपनीत कुनी लेबलं बदलली तर काय करत्यात?" काका शांतपणे म्हणाले.

"म्हणजे?"

"साखरेच्या दुखन्यानं डोळं गेलं तिचं. सात वर्षं झाली. सगळं बोटांनी बघती. साखरेला गोटा, मिठाला शंख. जिऱ्याला खरखरीत, मव्हरीला गुळगुळीत. गल्लत व्हईल अशा दोन जिनसांना उलट्यातलं उलटं लावलंय म्या. एकेक गोष्ट हुडकायला महिना महिना गेलाय." मग आवाज जरा चढला. "अन् तुमी धून ठिवली!"

मावशी पायऱ्यांशी येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "असू द्या वो. पोरीनं मायेनं केलं." त्या दिवशी मी त्यांच्या डोळ्यांकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग खाली जाऊन एकेक झाकण त्यांच्या हातात दिलं आणि त्या सांगतील तिथं बसवलं. त्या दिवशी कामावर सुट्टी टाकली, ती रडण्यात गेली.

त्यानंतर मला त्या घरातली खरी काळजीही कळली. आईला काही होईल, अशी मुलाला भीती वाटायची. मुलगा वाईट नव्हता. चाकणला शिफ्टमध्ये काम करून, लोनवर फ्लॅट घेऊन, दर रविवारी आईला भेटायला येणारा मुलगा. एकदा तो आला तेव्हा मावशी भाकरी थापत होत्या आणि ज्योत मोठी होती. त्यानं गॅस बंद केला आणि म्हणाला, "आई, बास झालं. पुनावळ्याला चल. तिथं तुला हात लावायला लागणार नाही कशाला."

"हात लावायचा न्हाई तर काय करू?" मावशी म्हणाल्या.

बरंच बोलणं झालं. शेवटी असं ठरलं, की जोवर काही होत नाही तोवर आईनं इथंच राहायचं, आपला स्वयंपाक आपण करायचा. पण ज्या दिवशी स्वयंपाकघरात त्यांना पहिली इजा होईल, त्या दिवशी दोघांनी बिऱ्हाड उचलायचं आणि मावशींनी पुन्हा गॅसला हात लावायचा नाही. मावशींनी कबूल केलं. मुलगा गेल्यावर काका बराच वेळ ओट्याच्या कडा हातानं चाचपत होते. तेव्हापासून मावशी स्वयंपाकाला लागल्या की काका त्यांच्या मागे दोन हातांवर उभे राहत. त्या म्हणत, "तुमची धग लागतीया मला, जरा सरका." ते सरकत नसत.

पिठाची बरणी मात्र अजून व्हायची होती. ज्वारीचं पीठ पत्र्याच्या डब्यात असायचं आणि त्या डब्याची कड धारदार होती. काकांना मोठी, रुंद तोंडाची, कडेला गोलाई असलेली बरणी करायची होती. पण माती संपली. ते गावाकडच्या एका ओढ्याच्या काठची गाळाची माती आणत, तिथं आता गोडाऊनची भिंत उभी राहिली होती. पिशवी रिकामीच घेऊन परत आले.

आमच्या कंपनीत तेव्हा नव्या शेडसाठी खोदकाम चाललं होतं. चिकट, काळपट मातीचे ढीग पडले होते. मी सुपरवायझरला विचारून एक पोतं आणलं, खोलीच्या गच्चीवर वाळवलं, कुटलं आणि चाळलं. मैद्याच्या चाळणीतून माती उतरेना. दोन रविवार जाणार असं दिसलं, म्हणून गव्हाची चाळणी घेतली आणि दुपारीच मोकळी झाले. वर आणखी शहाणपणा केला. कंपनीत पास झालेल्या मालाला हिरवा टॅग लावतात. तसा एक टॅग आणून त्यावर 'माती. ओके.' लिहिलं, सही केली आणि पोत्याच्या तोंडाला बांधून पोतं काकांपुढे ठेवलं.

काका इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. तो टॅग सोडून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला. "मॅडमनी पास केलीया," म्हणाले, "आता आमी कोन बोलनार." आणि ज्या माणसानं जन्मात कधी दुसऱ्याचं काम पुन्हा तपासल्याशिवाय घेतलं नाही, त्यानं ती माती पुन्हा चाळली नाही.

बरणी देखणी झाली. काकांनी त्या दिवशी भट्टी नेहमीपेक्षा जास्त तापवली होती. बरणी वाजवली तेव्हा नाद अंगणाबाहेर ऐकू गेला. झाकणाला सागाच्या मुळीचा वाकडा तुकडा बांधला, मूठ धरावी तसा. मावशींनी तिच्यात पीठ भरलं. मुलानंसुद्धा बरणी हातात घेऊन बघितली आणि "बाबा, भारी" म्हणाला.

श्रावणात, आठवडाभराच्या दमट हवेनंतर, एका सकाळी मावशींनी ओट्यावरची बरणी नेहमीसारखी दोन्ही हातांनी उचलली आणि तिची कड हातातच निखळली. तुकड्याची धार तळहातात खोल गेली. मी वरून धावत आले तेव्हा सगळीकडे पीठ होतं आणि काका मावशींचा हात टॉवेलात घट्ट धरून बसले होते. आम्ही दवाखान्यात नेलं. सात टाके पडले. शुगरमुळे जखम भरायला दोन महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाले.

परत आल्यावर काकांनी तुकडे वर्तमानपत्रावर मांडले. जिथं जिथं बरणी फुटली होती, तिथं तिथं मातीत साबुदाण्याएवढा पांढरा कण होता. मी परभणीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. चुनखडीची माती आमच्याकडचे वीटभट्टीवाले उचलत नाहीत, कारण भाजलेला चुना हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि वीट आपोआप फुटते, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. ते कण मैद्याच्या चाळणीत अडकले असते.

मुलगा आला. त्यानं आईचा हात बघितला आणि मग तुकडे बघितले. "बाबा, माती कुठली ही?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका म्हणाले, "माझीच. दुसरीकडनं आनलेली. मीच बघून घेतली न्हाई."

मुलगा कपाटाकडे गेला. त्यानं बॅग बाहेर काढली. मी नंतर घरामागे गेले तर काका त्या हिरव्या टॅगला काडी लावत होते. मी म्हटलं, "काका, मी सांगते त्याला." ते म्हणाले, "काय सांगनार? वाजवली मी. पास केली मी. दुसऱ्याच्या वाळूवर मोल्डरनं भरवसा ठिवायचा नसतो." जाताना त्यांनी बाकीच्या सगळ्या बरण्या कासारवाडीतच कपाटात कुलपात ठेवल्या. म्हणाले, "माझ्या कानाचा आता मलाच इस्वास न्हाई."

पुनावळ्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. मी महिन्यातून एकदा जायचे. स्वच्छ स्वयंपाकघर, एकसारखे पारदर्शक डबे, त्यावर सुनेनं सुंदर अक्षरात चिकटवलेल्या चिठ्ठ्या. सून मायाळू होती. सासूबाईंना उठू देत नसे. मावशी गॅलरीत खुर्चीवर बसून असायच्या. जखम भरली होती, हात मांडीवर तसेच पडलेले असायचे. काका त्यांच्या शेजारी. मी एकदा मुद्दाम नवा टिफिन काकांपुढे ठेवला. त्यांनी तो वाजवला नाही. झाकण लावून परत दिला.

मला ते बघवेना, आणि तरीही मी सात-आठ महिने गप्प राहिले. घाबरत होते, दुसरं काही नाही. आंब्याच्या दिवसांत एका रविवारी सगळे घरात होते, ताटात फोडी होत्या. मी मावशींचा हात धरला आणि सगळं सांगितलं. माती मी आणली, जाड चाळणीनं मी चाळली, टॅग मी लावला. काकांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं.

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. मावशी मात्र म्हणाल्या, "ठाव हाय मला."

"काकांनी सांगितलं?"

"त्ये कशाला सांगतायत. तू पोतं आनलंस तवा मी हात घातला व्हता त्यात. खडं लागलं की बोटाला. बारीक, कडक."

काका खुर्चीत पुढे सरकले. "मंग बोलली का न्हाईस?"

मावशींनी आवाज चढवला नाही. "इचारलं कुनी? तुमी वाजवून बघनार, ह्या पोरीनं चाळून बघितलेलं. दोघंबी हसत व्हता. आठ वर्सं माझ्यासाठी करताय. ह्ये घे, ह्ये धर. ह्ये कसं लागतंय, एवढं कदी इचारलं न्हाईत. म्हनून मलाबी बोलायची सवय ऱ्हायली न्हाई."

काकांचा चेहरा मला अजून दिसतो. बरणी फुटली त्या दिवशीही तो तसा झाला नव्हता.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा गॅलरीत वर्तमानपत्रं अंथरलेली होती. पुनावळ्यात खोदकामाला तोटा नाही. काका कुठूनशी बादलीभर माती घेऊन लिफ्टनं वर आले होते. बादली मावशींपुढे होती. त्या चिमटीत थोडी थोडी माती घेऊन बोटांत चुरत होत्या आणि सापडेल तो खडा वाटीत टाकत होत्या. तो टाकलेला कसा किणकिणतो, ते काका मान वाकवून ऐकत होते. तासाभरानं त्यांनी विचारलं, "झाली का?"

"न्हाई."

काकांनी पुन्हा वाटीकडे कान केला. त्यानंतरच्या रविवारीही माती झाली नव्हती. तिसऱ्या आठवड्यात मावशींनी हात झटकले आणि म्हणाल्या, "आता घ्या." काकांनी बसनं कासारवाडीला येऊन बरणी घडवली आणि ती वाळल्यावर भट्टी पेटवली. बरणी घेऊन गेले तेव्हा पिशवीतून निवडून नेलेल्या दहा वस्तू त्यांनी मावशींपुढे ओळीनं मांडल्या. "ह्यातलं कोनचं लावू?" मावशींनी सगळ्या चाचपल्या आणि सगळ्या बाजूला सारल्या. खाल्लेल्या आंब्याची एक कोय त्यांनी धुऊन खिडकीत वाळवायला ठेवली होती, ती पुढे केली. "ही. ही हाताला माझी वाटती."

कोयीच्या झाकणाची ती बरणी ओट्यावर ठेवली त्या दिवशी मुलगा घरी होता. मावशींनी तिच्यात चहापत्ती भरून घेतली आणि म्हणाल्या, "आज चहा मी करनार."

"आई, आपलं ठरलं होतं," मुलगा म्हणाला.

"ठरलं व्हतं. तवा मला कळत असून मी बोलले न्हाई, म्हनून हात कापला. आता मी बोलतीया."

मुलगा स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहिला. आतून भांड्यात पाणी पडल्याचा आवाज आला. काका उठले. मला वाटलं, ते आत जाऊन मावशींच्या मागे उभे राहणार. त्यांनी मुलाच्या दंडाला धरून त्याला बाहेर आणलं आणि माझ्या शेजारी बसवलं. मग स्वतः त्याच्या पलीकडे, स्वयंपाकघराकडे पाठ करून बसले. लायटर दोनदा नुसताच वाजला. मुलगा अर्धवट उठला. काकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

तिसऱ्यांदा गॅस पेटला. "बसा समदी," आतून मावशी म्हणाल्या. "झाला की मी आनती."